डागाखालचा नियम

शुक्रवारी साडेतीनलाच अंधार पडला,
तसा इल्पोनं तळ्याकाठच्या केबिनमधला दिवा लावला
आणि टेबलावरचं सगळं, राईचा पाव, चाव्या, कुणाचे तरी हातमोजे,
कोपरानं एका बाजूला लोटलं.
वर्षातून एकदाच तिथे एवढी जागा होते.

आम्ही चौघं. भाचा एली धरला तर पाच;
तो चौदाचा आहे, मोबाईलमधून मान वर काढत नाही
तोवर आम्ही त्याला धरत नाही.

खोक्याचं झाकण चार ठिकाणी टेपनं जोडलेलं.
आत एकशे चार मेंढ्या, लाकडी, नखाएवढ्या.
दोन फासे, त्यातल्या एकावर सहाचं दान जरा जास्तच पडतं.
सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तो आळीपाळीनं घ्यायचा.
नियमांची पुस्तिका जर्मन;
पहिल्या वर्षी मीच शाळेतल्या जर्मनवर ती लावली:
कळप वाढवा, चारा साठवा,
नदी गोठली की मेंढ्या पलीकडे न्या,
पलीकडचं कुरण ज्याचं, त्याचा डाव.

शनिवारी दुपारपर्यंत तीन डाव झाले.
राउनो हरला, हरला, मग सॉना तापवायला गेला
आणि येऊन परत हरला.
तो आजवर एकदाच जिंकलाय, सहा वर्षांपूर्वी.
ती तारीख त्यानं झाकणाच्या आतून लिहून ठेवली आहे.
पेनानं.

रात्री टीव्हीला जुना कन्सोल जोडला.
पडद्याचे चार तुकडे, प्रत्येकात एक ट्रॅक्टर,
बर्फावरून शर्यत.
एलीनं मोबाईल पालथा ठेवला
आणि पंधरा मिनिटांत आमच्या चाळिशीची चटणी केली.
मी रोज बारा मीटरची बस वळवते योएन्सूच्या गल्ल्यांतून,
माझा ट्रॅक्टर एकाच वळणावर सात वेळा पाण्यात गेला.
"तुइरे, ब्रेक पण असतो," तो म्हणाला. प्रेमानं म्हणाला असावा.

रविवारी सकाळी ओउतीनं ब्लँकेट पांघरून
पुस्तिका वाचायला घेतली, उगाच,
जशी कुणी जुनी बिलं वाचत बसतं.
लाकूडगिरणीत नवं यंत्र आल्यापासून ती जर्मन शिकते आहे.
पान सहा. माझ्या कॉफीचा डाग, पहिल्याच वर्षीचा.
तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला.
"इथे एक 'नाही' आहे," ती म्हणाली.

नदी गोठली की मेंढ्या पलीकडे न्यायच्या नाहीत.

इल्पोनं चुलीत एक ओंडका सारला.
राउनो झाकणाकडे बघत होता.
अकरा वर्षं आम्ही बर्फावरून कळप हाकले,
एक मेंढी बुडाली नव्हती.

मग एक डाव खऱ्या नियमानं खेळून पाहिला.
चाळीस मिनिटांत संपला. चोख.
कुणी कुणावर ओरडलं नाही, कुणी उठून खिडकीशी गेलं नाही.
संपल्यावर पटाकडे बघत बसलो
चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे.
"रडीचा डाव," एली पुटपुटला.
आम्हाला की पुस्तिकेला, कळलं नाही.

मत घेतलं. हात वर झाले, पाच.
त्याचाही धरला.
इल्पोनं काठोकाठ भरलेला कप आणला
आणि पान सहावर, जुन्या डागाच्या कडेला कड लावून,
नीट ठेवला.

निघताना तळं काठाकाठानं धरलं होतं,
बशीइतका जाड बर्फ.
एलीनं खडा भिरकावला, तो किणकिणत दूर गेला,
गेल्यावरही थोडा वेळ किणकिणला.
पाय कुणीच ठेवला नाही.

सोमवारी पहाटे सव्वापाचची बस.
किल्लीसाठी कोटाच्या खिशात हात घातला तर
एक मेंढी.
म्हणजे तिकडे एकशे तीन.
इल्पोला फोन करणार होते, केला नाही.
स्टिअरिंगपुढच्या खाचेत तिला उभी केली.
नदीवरचा पूल संपला तेव्हा ती आडवी पडलेली होती,
सिग्नलला थांबले, तेव्हा परत उभी केली.